वनिताचे वल्ले हात

हे मी आजवर कोणापाशी बोलले नाही. माहेरी नाही, नवऱ्यापाशी नाही. देवासमोर उभी राहते तेव्हा पोरांचं मागते, पिकांचं मागते, आणि हे तेवढं बाहेर चपलांपाशी ठेवून आत जाते. आज कागदावर मांडते आहे. तुझं नाव मला ठाऊक नाही, तुझा चेहरा मी पाहिलेला नाही — म्हणूनच कदाचित जमेल. ओळखीच्या माणसापुढं माझे शब्द घशातच राहतात. लहानपणापासून तसंच आहे. पण ते मी कारण म्हणून सांगत नाही. कारण असं काही नाहीच, हे तुला पुढं कळेल.

कुठून धरू? एका बाईच्या हाताची गोष्ट आहे. पण त्या हातापाशी मला एकदम जाता येत नाही, लिहिता लिहिता थांबते. आधी त्या खोलीत जाऊ. तिथं गार आहे.

आमचं घर मळ्यातच आहे, वाशीमच्या बाजाराला सोयीचं पडतं म्हणून सासऱ्यांनी तिथं बांधलेलं. सासू-सासरे आता नाहीत. दोघं भाऊ, दोघी जावा. मी थोरली, मेडशीची. वनिता धाकटी, माझ्या दिराची बायको, तिचं माहेर रिठद. सोयाबीन, तूर आमचीही असते, पण घर चालतं भाजीवर, आणि उन्हाळ्यात तर एका कोथिंबिरीवर. आमच्याकडे तिला सांबार म्हणतात. वैशाखाच्या उन्हात हिरवागार, ताठ सांबार वाशीमला नेला की व्यापारी आपणहून पुढं येतात. पण ताठ राहील तर ना? सकाळी उपटायचा, माती झटकायची, दुपारी बसून जुड्या बांधायच्या, ओल्या पोत्यात ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी उजाडता हर्रासीला, म्हणजे लिलावाला, पोचवायच्या. त्या मधल्या दुपारीच तो मान टाकतो.

म्हणून कूलर आला. माणसांसाठी नाही — सांबारासाठी. यांनी तो टेम्पोतून उतरवला तेव्हाच आम्हाला बजावलं, "हा सांबाराचा कूलर हाये. तुमी दोघी त्याच्या घरी पावण्या."

वनिता पदराआड हसली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "पुढच्या जन्मी सांबार व्हावं वो ताई. बाई होऊन काय भेटलं."

ती अशीच होती. मी दिवसभरात जितकं बोलते तितकं ती एका चहाच्या वेळेत बोलायची. आणि हात — तिचे हात फार चलाख होते. मी एक जुडी बांधेपर्यंत तिच्या दोन व्हायच्या. सुतळीचा वेढा, गाठ, दातानं तोडलं की पुढची. जुडी अशी की खाली पडली तरी एक काडी निसटायची नाही.

ती खोली तुला दिसावी असं वाटतं. घराच्या मागची, पूर्वी कांदे ठेवायची. खिडकीला मी माझं जुनं हिरवं लुगडं लावलं होतं, त्यातून ऊन आत यायचं ते पाण्याखालून पाहावं तसं. खाली सिमेंटची फरशी, तिच्यावर ओली पोती, पोत्यांवर जुड्यांच्या रांगा. कूलरच्या पोटात पाणी ठिबकायचं. जाळीतल्या वाळ्याचा वास आणि सांबाराचा वास मिसळून तिसराच कुठला तरी वास व्हायचा, त्याला नाव नाही. बाहेर पान हलत नसायचं. आत आम्ही दोघी हात चालवत बसायचो, अर्ध्या जाग्या, अर्ध्या नाही.

मेडशीला आमच्या वावराच्या कडेनं एक नाला होता. चौथीनंतर माझी शाळा सुटली तेव्हा मी ढोरं घेऊन तिथं जायची आणि उंबराखाली पाय पाण्यात सोडून बसायची. लग्नानंतर कितीतरी वर्षं मला तो नाला आठवला नव्हता. कूलर आला आणि आठवला. जुड्या बांधून झाल्या की आम्ही तासभर तिथंच लवंडायचो, आणि माझा डोळा लागला की मी तिथं असायची — पाय पाण्यात, वर उंबराची पानं, कोणी हाक मारत नाही. तो तास सोडला तर माझा म्हणावा असा दुसरा तास दिवसात नव्हता. हे सगळं गोड वाटतं ना वाचायला? मलाही वाटतं. म्हणून तर इथं रेंगाळते आहे.

आता बोर्डाचं सांगते.

कूलर खिडकीपाशी आणि वीज लांबच्या भिंतीत, म्हणून यांनी आठवडी बाजारातून एक बोर्ड आणला. तुझ्याही घरी असेल — लांब वायर, पांढरा प्लास्टिकचा डबा, त्यात चार जागा प्लग लावायला, एक बटन, एक लाल दिवा. दिसायला छान. त्याच्या वायरीच्या टोकाला तीन पिनांचा प्लग होता आणि आमच्या त्या जुन्या भिंतीत दोनच भोकं. यांनी लोखंड कापायच्या पात्यानं वरची जाड पिन कापून टाकली. दीर बाजूला उभे होते, म्हणाले, "दोनावरच चालते सगळं. तिसरी शोभेले रायते."

आमच्या भागात असे थोटे प्लग घरोघर आहेत. कोणाला काही वाटत नाही. मलाही वाटलं नाही.

पण तिसरी पिन गेली की प्लग दोन्ही बाजूंनी लागतो. सुलटाही लागतो, उलटाही लागतो. हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या आलं.

पहिल्याच उन्हाळ्यात एकदा मी पाणी भरायला कूलरजवळ गेले आणि पत्र्याला कोपर लागलं. मुंग्या आल्या, खांद्यापर्यंत. पायात रबरी चपला होत्या. मी मागं सरले. परत बोटाच्या मागच्या बाजूनं हळूच शिवून पाहिलं — परत मुंग्या. खोलीत कोणी नव्हतं. मी भिंतीपाशी गेले, प्लग काढला, का कोण जाणे तो हातात फिरवला आणि तसाच लावला. मग पत्र्याला बोट लावलं. काही नाही. नुसता गार पत्रा. परत फिरवला — मुंग्या. परत फिरवला — काही नाही. चार वेळा करून पाहिलं.

मग मी काय केलं असेल? यांना हाक मारली असेल, असं तुला वाटेल.

मी देवघरातलं कुंकू आणलं, तेलात कालवलं आणि प्लगच्या एका बाजूला बोटानं टिपका लावला. टिपका वर असला की मुंग्या येत नाहीत. टिपका खाली गेला की येतात. बस, एवढंच. त्या दिवसापासून प्लग लावायचं काम मी माझ्याकडे घेतलं. म्हणायची, भोक ढिलं झालंय, मला जमतं, तुम्ही राहू द्या. टिपका पुसट झाला की परत लावायची. दसऱ्याला आम्ही मोटारीला, फवारणीच्या पंपाला, विळ्यांना, कूलरला — सगळ्याला कुंकू लावतो. त्यानंतर तर त्या टिपक्याकडे कोणी पाहण्याचं कारणच उरलं नाही. पूजेचं कुंकू ते. त्याला कोण विचारतं, तू कशासाठी आहेस म्हणून?

मी का बोलले नाही? इतकी वर्षं मी स्वतःला एकच उत्तर देत आले — बोलले असते तर यांनी कूलर बंद केला असता. करंट मारतो म्हणजे काढून टाका. मग सांबार गेला असता, आणि माझा तास गेला असता. हे खरं आहे. पण पुरतं खरं नाही. त्याच्याखाली अजून एक आहे, ते लिहायला लाज वाटते.

मला ते आवडलं होतं. त्या घरात काय बिघडलं, का बिघडलं हे नेहमी दुसऱ्यांना कळायचं. वनिता बारावीपर्यंत शिकलेली. औषधाच्या बाटलीवरचं ती वाचायची, मोबाइलवर भाव ती बघायची. आणि ही एक गोष्ट मला एकटीला माहीत होती. कोणी शिकवली नव्हती, माझी मी शोधली होती. दुपारी पडल्या पडल्या मी त्या लाल टिपक्याकडे पाहायची आणि आतून ऊब यायची, गुपित असलेल्या पोरीला येते तशी. सांगितलं असतं तर ते सगळ्यांचं झालं असतं. त्याहून वाईट म्हणजे यांनी हसून विचारलं असतं — कुकू लावून करंट बांधून ठेवला काय वो?

एक हसणं मला नको होतं. आता बघ, त्याच्या बदल्यात काय गेलं.

दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. सगळ्यांना माहीत आहे तशी आधी सांगते. दुपारी लाइट गेली होती, ती आली. कूलर काही फिरेना. वनिता उठली, तिनं प्लग काढून परत लावला, कूलर सुरू झाला. वारा भिंतीकडे जात होता म्हणून तो सांबाराकडे वळवायला तिनं पत्र्याला हात घातला, आणि हात तिथंच धरला गेला. ती अनवाणी होती, फरशी पोत्यांच्या पाण्यानं ओली. तिच्या तोंडातून आवाज निघाला नाही. दात आवळलेले, आणि सगळं अंग असं थरथरत होतं की जसं इंजिन चालू आहे आणि ती त्याला टेकून उभी आहे. मी उठले, वायर ओढली, प्लग भिंतीतून निघून आला आणि ती पोत्यांवर पडली. सगळं मिळून किती वेळ? दहा श्वास असतील. मला ते अजून संपलेले वाटत नाहीत.

जीव वाचला. आधी वाशीमच्या दवाखान्यात, मग अकोल्याला, पंधरवड्यावर राहिली. उजवा तळवा जळाला होता. शेवटची दोन बोटं आत वळली ती वळलीच. आजही ती मूठ पुरती उघडत नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? हे लगेच म्हणाले, "हात वल्ले व्हते तिचे. वल्लाच हात लावला बटनाले." आमच्याकडे ओल्याला वल्लं म्हणतात. तिथून ते वाक्य निघालं आणि घरोघर गेलं. रिठदहून तिची आई आली, तिनंही डोळे पुसत तेच म्हटलं — लहानपणापासून अशीच धांदरट हाये माही पोरगी. आणि वनिताला तर त्या दुपारचं काहीच आठवत नव्हतं. जुड्या बांधल्याचं आठवतं, मग एकदम दवाखान्यातला पंखा. लोकांनी सांगितलं तेच तिनं आपलं म्हणून ठेवून घेतलं. अकोल्याच्या खाटेवर तिनं डाव्या हातानं माझा हात धरला आणि म्हणाली, "म्या वल्ले हात लावले अन् तुमी जीव वाचवला माहा. तुमी नसत्या त राणी बिनमायची झाली असती." राणी तिची मुलगी, तेव्हा सहावी-सातवीत होती.

मी काय म्हणाले माहीत आहे? मी म्हणाले, पड आता, बोलू नको.

ती घरी यायच्या आधी गावातला वायरमन येऊन गेला. म्हातारा, कमी बोलणारा माणूस. त्यानं बोर्ड उघडला आणि पेचकसाच्या टोकानं आम्हाला दाखवलं. आत पितळेच्या पातळ पट्ट्या होत्या, त्यातली एक वाकून शेजारच्या पट्टीला टेकली होती. "असलाच आला असंन हा बाजारातून," तो म्हणाला. "प्लग सुलटा लागला त काई नाई. उलटा लागला का सगळा करंट कूलरच्या पत्र्यात. थे तिसरी पिन असती त उलटा लागलाच नसता, अन् घरात अर्थिंगची वायर असती त फ्यूज उडाला असता. कोनं कापली?"

हे दुसरीकडे बघत राहिले.

मग त्यानं मला विचारलं, "वहिनी, याच्या आंधी कदी मुंग्या-गिंग्या आल्या व्हत्या काय?"

मी नाही म्हणून मान हलवली. तोंडानं खोटं बोलले नाही, नुसती मान हलवली. त्यानं काही फरक पडतो का? मला पूर्वी वाटायचं, पडतो.

त्यानं प्लग हातात घेतला, फिरवला, नखानं टिपका खरवडला. "हे कुकू कायचं?" यांनीच सांगितलं, "दसऱ्याचं असंन." म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. फार नाही, जितका वेळ आपण घड्याळाकडे पाहतो तितकाच. मग तो पेचकस पिशवीत टाकून निघाला. हे त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेले आणि मी पदराच्या टोकानं तो टिपका पुसून टाकला. तेलातलं कुंकू लवकर जात नाही. घासावं लागतं. मी घासलं.

यांना कापलेली पिन लपवायची होती, मला टिपका. दोघांनाही तेच एक वाक्य पुरलं — हात वल्ले होते तिचे. आम्ही त्याबद्दल आपसांत कधी बोललो नाही. संसारात काही गोष्टी अशा दोघांच्या मिळून असतात, आणि दोघांनाही ठाऊक नसतं की दुसऱ्याकडे त्याचा अर्धा भाग आहे.

बोर्ड भंगारात गेला. नवा वायरमननं बसवून दिला, भिंतीत तीन भोकांचा, अर्थिंगची वायर ओढून. कूलर पुढच्या उन्हाळ्यात परत सुरू झाला, त्याच खोलीत, सांबारासाठी. मी परत तिथं दुपारी पडू लागले. हेही सांगायला हवं. मला वाटलं होतं झोप येणार नाही. आली. नालाही आला, उंबरही आला. फक्त आता पाण्यात पाय सोडले की काठावर कोणीतरी पाठमोरं उभं असतं आणि मी त्याला वळून पाहा म्हणत नाही.

वनिताला जुडी बांधता येत नाही. दोन बोटं आड येतात, सुतळी सुटते. पहिल्या वर्षी तिनं फार प्रयत्न केला. पायाच्या अंगठ्यात सुतळी अडकवायची, दातात धरायची. मग सोडून दिलं. आता ती पिवळी पानं निवडते, पोती भिजवते, जुड्या उचलून ठेवते. तिच्या हातून कप पडला, मीठ सांडलं, की दीर म्हणतात, "आली वल्ल्या हाताची." रागानं नाही, घरात म्हणतात तसं. पोरंही म्हणतात. ती स्वतःच सगळ्यांच्या आधी म्हणते. लग्नाकार्यात कोणी तिच्या हातात वाढायचं भांडं दिलं तर हसत सांगते, "मले नका देऊ वो, माहे हात वल्ले." बायका हसतात. मीही हसते, तोंडाला पदर लावून.

एकदा मी पाहिलं — ती एकटीच होती, न्हाणीच्या भिंतीला टेकून, आणि वाळलेल्या टॉवेलनं हात पुसत होती. कोरडे हात. पुसत होती, पालथे करून बघत होती, परत पुसत होती. मी पाय न वाजवता मागं फिरले.

आता जे उरलं आहे ते लिहिते. आतापर्यंत तू मनात म्हटलं असशील — ही बाई भित्री आहे, लपवत राहिली, पण त्या दुपारी तरी ती झोपेत होती, तिचा काय इलाज? घरातले सगळे तेच धरून आहेत. ताई झोपली होती, धडपडून उठली आणि वनिताला वाचवलं.

मी झोपले नव्हते.

म्हणजे — झोपेच्या काठावर होते. डोळे बारीक उघडे. लाइट आली, बोर्डावरचा लाल दिवा लुकलुकला आणि विझला. वनिता उठली. लुगड्यातून येणाऱ्या हिरव्या उजेडात ती मला तरंगत चालल्यासारखी दिसली. ती भिंतीपाशी गेली, थांबली. पदराचं टोक घेतलं आणि हात पुसले. आधी उजवा, मग डावा, बोटांच्या मधूनसुद्धा. शिकलेली बाई ती, तिला ठाऊक होतं वल्ल्या हातानं विजेला शिवू नये. नीट पुसले. मग प्लग काढला, फुंकर मारली, बघितला आणि परत लावला.

टिपका खाली गेला. मी ते पाहिलं.

मला ते कळलं. कळलं नाही असं मी म्हणणार नाही. मनात शब्दसुद्धा आले — उलटा लागला, वनिता. तीन शब्द. ते तोंडापर्यंत आले आणि तिथं गार वारा होता. कूलर सुरू झाला होता ना. वारा तोंडावर आला, पाण्याचा आवाज आला आणि मला वाटलं, असू दे. मुंग्याच येतात, दुसरं काय होतं? ती हात लावेल कशाला? आणि लावलाच तर — हे लिहिताना माझं बोट थांबतं आहे — लावलाच तर तिलाही कळू दे एकदा, की एक गोष्ट अशी आहे जी तिला माहीत नाही.

एवढाच विचार होता. पाखरू खिडकीतून आत येऊन बाहेर जावं, इतका. मग तिनं कूलरला हात घातला.

मला मुंग्याच माहीत होत्या, चपला घातलेल्या पायांच्या. अनवाणी पाय आणि ओली फरशी काय करते ते माहीत नव्हतं. पण मी तेवढ्यावर सुटत नाही. मला तिला थांबवता आलं असतं आणि मी पडून राहिले, कारण पडून राहणं गोड होतं. आणि त्यानंतर दहा वर्षं, ज्या हातांना सगळं घर वल्ले म्हणतं ते कोरडे होते, हे एकटी मी जाणते. तिनं ते पुसले होते. बोटांच्या मधूनसुद्धा.

या उन्हाळ्यात राणीचं लग्न आहे, रिसोडकडे दिली. परवा दुपारी आम्ही तिघी त्या खोलीत बसलो होतो. मी आणि राणी जुड्या बांधत होतो, वनिता पानं निवडत होती. निवडता निवडता तिनं मुलीला सांगायला घेतलं, "तथी सासरी कूलर असंन, मिक्सर असंन, गिझर बी हाये म्हनते. हात पुसल्याशिवाय बटनाले शिवायचं नाई. माह्यासारखं वल्ल्या हातानं करून नको ठेवू. मले ताई व्हत्या म्हून म्या वाचली. तुह्यासाठी कोन बसलं तथी?"

राणी म्हणाली, "हाव वो माय. शंभरदा झालं सांगून."

"शंभरदा आयकलं मंग एकसेएकदा आयक."

त्या घरात भिंतीत किती भोकं आहेत, कोणी पिन कापून ठेवली आहे का, बोर्ड कुठल्या बाजारातून आणला आहे, पत्र्याला हात लावला तर मुंग्या येतात का — हे राणीनं जाऊन बघायला हवं. तिला ते कोणी सांगत नव्हतं. तिची आई तिला फक्त हात पुसायला सांगत होती. आणि हात पुसल्यानं काय होतं ते मी पाहिलेलं आहे.

राणी हसत माझ्याकडे वळली. "मोठी माय, तुमीच सांगा आता हिले. बंद कर म्हना."

वनितानंही माझ्याकडे पाहिलं. दोघी वाट बघत होत्या.

मी म्हणाले, "आयकून घे व राणी. माय बरोबर सांगून राह्यली."

राणीनं मान हलवली आणि पुढची जुडी हातात घेतली.